द्रौपदीचे नास्तिक्य

माझ्या आजोळी 'नास्तिक' हा शब्द दोन माणसांना लावला जाई. एक आमचे धाकटे मामा. ते मुंबईस हिशेबनीस होते आणि गणपतीला घरी आले की आरतीच्या वेळी ओटीवर बसून वर्तमानपत्र वाचीत. प्रसादाच्या मोदकांना मात्र त्यांचा तात्त्विक विरोध नसे. दुसरी व्यक्ती म्हणजे प्रत्यक्ष आजी. थोरला मामा विषमज्वराने अंथरुणाला खिळला, तेव्हा तिने देव पाण्यात ठेवले होते. एकविसाव्या दिवशी तो गेला. पुढे सुतक, दहावे, तेरावे. त्या गडबडीत देवांची आठवण कोणालाच राहिली नाही. चौदाव्या दिवशी तिने स्वतःच त्यांना पाण्यातून काढले, कोरड्या फडक्याने पुसले आणि देव्हाऱ्यात जिथल्या तिथे मांडले. त्यानंतर नैवेद्याचे पान ती रोज वाढी. हात मात्र तिने पुन्हा जोडले नाहीत. पुसताना ती बाळकृष्णाला म्हणे, "एवढं पाण्यात बसवलं, तरी तुझे डोळे उघडले नाहीत ना?" आजोबा हे ऐकत आणि म्हणत, "ही नास्तिक झाली."

मामांच्या आणि आजीच्या नास्तिकपणाला एकच शब्द कसा पुरतो, हे कोडे मला लहानपणी पडले होते. मामांचे देवाशी काही भांडण नव्हते. नसलेल्या माणसाशी कोण भांडतो? आजीचे भांडण मात्र मरेपर्यंत मिटले नाही. पुढे कितीतरी वर्षांनी महाभारताचे वनपर्व सावकाश वाचण्याचा योग आला. तेथे द्रौपदीने धर्मराजाला सुनावलेले खडे बोल आणि त्यावर त्याने तिच्या माथी मारलेला तोच शब्द वाचला, तेव्हा आजीच्या त्या फडक्याची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. दिवाळीच्या दिवसांत फराळाच्या ताटापुढे हा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. पण नरकासुराच्या कथेइतकीच ही कथाही आपल्या घरातली आहे, आणि या सणाच्या निमित्ताने चार माणसे एकत्र बसली की देव आहे की नाही हा वाद आपल्याकडे निघतोच. निघालाच तर तो नीट शब्दांनी व्हावा, एवढीच इच्छा.

प्रथम त्या शब्दाकडे पाहू. देव मानीत नाही तो नास्तिक, असा अर्थ आज शाळेतले पोरही सांगेल. परंतु हा अर्थ बराच अलीकडचा. पाणिनीने 'आस्तिक', 'नास्तिक' आणि 'दैष्टिक' हे तीन शब्द एकाच सूत्रात सिद्ध केले आहेत. 'आहे' अशी ज्याची मती तो पहिला, 'नाही' अशी मती असलेला दुसरा आणि सारा भार दैवावर टाकणारा तिसरा. काय आहे आणि काय नाही, हे सूत्र सांगत नाही; टीकाकार 'परलोक' हा शब्द पुरवतात. मनुस्मृतीत कसोटी बदलली. वेदांची निंदा करील तो नास्तिक ठरला. ईश्वर या व्याख्येतही नाही! त्यामुळे मोठी मौज झाली आहे. सातव्या शतकातले कुमारिल भट्ट कट्टर वेदनिष्ठ मीमांसक. जगाचा कोणी कर्ता आहे ही कल्पना त्यांनी 'श्लोकवार्तिका'त धुडकावून लावली. दयेपोटी त्याने जग निर्माण केले म्हणावे, तर निर्मितीच्या आधी दया करायला होते कोण? आणि दयाच होती, तर त्याने नुसते सुखच का निर्माण केले नाही? असा प्रश्न विचारणारा माणूस मनूच्या कसोटीने आस्तिक. उलट जोतीराव फुले 'निर्मीका'वर, म्हणजे सर्वांना निर्माण करणाऱ्या एका ईश्वरावर, मनोभावे श्रद्धा ठेवीत. १८९१ साली त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेला 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' हा ग्रंथ या श्रद्धेने ओथंबलेला आहे. पण वेदांवर त्यांनी कठोर प्रहार केले. म्हणून मनूच्या हिशेबी ते नास्तिक! चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रहा'च्या आरंभीच चार्वाकाला नास्तिकशिरोमणी म्हटले. आपल्या काळात आ. ह. साळुंखे यांनी आपल्या ग्रंथाला 'आस्तिकशिरोमणी चार्वाक' असे नाव दिले. शब्दाची ही उलथापालथ नुसती गंमत नव्हे. जो शब्द वापरतो तोच 'काय असायला हवे' हे आधी ठरवून टाकतो, असा त्याचा अर्थ आहे.

आता वनपर्व. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत हा संवाद आरण्यकपर्वाच्या ३१ ते ३३ या अध्यायांत आला आहे. या पर्वाचे संपादन खुद्द विष्णु सीताराम सुकथनकरांचे. स्थळ द्वैतवन. वनवास नुकताच सुरू झाला आहे. द्यूत, सभा, वस्त्राला घातलेला हात या साऱ्या जखमा ओल्या आहेत. धर्मराज क्षमेचे माहात्म्य सांगून मोकळा झाला आहे. त्यावर द्रौपदीचे भाषण सुरू होते ते धाता आणि विधाता या दोघांना नमस्कार करून; का, तर त्यांनी धर्मराजाला मोह पाडला म्हणून! या नमस्कारातला उपरोध आपल्या पुराणिकांना सहसा ऐकू येत नाही. ते तो भाविकपणे सांगून पुढे जातात.

पुढे ती जे बोलते ते जागच्या जागी खिळवून ठेवणारे आहे. ती म्हणते, तू एक वेळ भीमार्जुनांना, जुळ्या भावांना, मलाही सोडशील, पण धर्म सोडणार नाहीस. धर्माचे जो रक्षण करतो त्याचे रक्षण धर्म करतो असे मी थोरांकडून ऐकले. तुझे मात्र तो करीत नाही. तू सरळ, मृदू, उदार, सत्यवादी. मग द्यूताची बुद्धी तुला कोठून झाली? आणि येथून ती एकामागून एक दाखले देत जाते: सूत्रधाराच्या हातातली लाकडी बाहुली, दोरीने बांधलेला पक्षी, सूत्रात ओवलेला मणी, वेसण घातलेला बैल, काठावरून कोसळून प्रवाहाच्या मधोमध सापडलेला वृक्ष. हे पाच दाखले सारखे नाहीत. बाहुलीला जीव नाही. पक्ष्याला आहे, पण तो बांधलेला. बैल स्वतःच्याच बळाने ओढतो, दिशा मात्र दुसऱ्याची. आणि वृक्षाला तर कोणी ओढणाराही उरला नाही, नुसते पाणी आहे. सूत्रधारापासून निघून ती निर्हेतुक प्रवाहापाशी येते. देव आहे की नाही, या प्रश्नाची सारी वाट एवढ्या दाखल्यांत चालून होते, आणि हे तिला स्वतःला ठाऊक आहे असे मला वाटत नाही.

मग ती तेथून मागे फिरते. धाता लहान मुलासारखा खेळण्यांशी खेळतो, असे म्हणते. प्राण्यांशी तो आईबापासारखा वागत नाही, कोणी रागावलेला परका माणूस वागावा तसा वागतो. दुर्योधनाला लक्ष्मी देऊन त्याला काय मिळाले? आणि शेवटी एक कात्रीत पकडणारा प्रश्न. केलेले कर्म कर्त्यालाच चिकटत असेल, तर सगळे करवून घेणाऱ्या ईश्वराला हे पाप चिकटलेच पाहिजे. चिकटत नसेल, तर जगात केवळ बळ हेच कारण उरते. आणि मग दुबळ्यांसाठी शोक करण्यावाचून मला गत नाही. हे शेवटचे वाक्य मी कितीदा तरी वाचले आहे. तर्क जिंकल्याचा आनंद त्यात नाही. जिंकला तर काय हातात राहते, हे पाहून ती घाबरली आहे.

धर्मराजाचे उत्तर प्रामाणिक आहे हे आधी मान्य केले पाहिजे. आधुनिक वाचक त्याच्यावर फार लवकर रागावतो. तो प्रथम तिच्या बोलण्याच्या सौंदर्याची तारीफ करतो, मग म्हणतो की तू नास्तिक्य बोलतेस. (रडणाऱ्या बायकोला भाषेबद्दल शाबासकी देणारा नवरा! इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये या नवराबायकोंकडे ज्या नजरेने पाहिले आहे ती येथे फार उपयोगी पडते; जरी सभेतल्या द्रौपदीवर त्या जरा अधिक कठोर झाल्या आहेत असे माझे मत आहे.) त्यानंतर तो जे सांगतो ते उंच आहे. मी फळासाठी धर्म करीत नाही. द्यायचे म्हणून देतो, यजन करायचे म्हणून करतो. जो धर्माचा व्यापार करतो, धर्म गाईसारखा दोहू पाहतो, त्याच्या हाती काही लागत नाही. येथवर कोणीही मान डोलवावी. पण येथे तो थांबत नाही. मार्कंडेय, व्यास, लोमश या ऋषींना पाहा, त्यांचे सामर्थ्य धर्मानेच आले, असे सांगतो. तू आणि धृष्टद्युम्न अग्नीतून जन्मलात, हाही पुरावा म्हणून पुढे करतो. धर्म निष्फळ असता तर जग अंधारात बुडाले असते, म्हणतो. म्हणजे फळ आहेच. फक्त ते देवांचे गुपित आहे. ज्याला फळ नको त्याने फळाची एवढी हमी कशाला द्यावी? धर्मराजाच्या एका भाषणात दोन माणसे बोलत आहेत. एक निरपेक्ष आहे. दुसरा भ्यालेला आहे, आणि आपली वही कधीतरी जुळेल अशी आशा धरून बसला आहे.

आणि यातल्या पहिल्याचे, निरपेक्ष माणसाचे, बोलणे एखाद्या नास्तिकानेही जसेच्या तसे उचलावे असे आहे. फळ नको, स्वर्ग नको, केवळ करणे योग्य म्हणून करायचे, या भूमिकेला ईश्वराची गरज कोठे उरते? महाराष्ट्राने असा माणूस प्रत्यक्ष पाहिला आहे. गोपाळ गणेश आगरकर अज्ञेयवादी होते. परलोकाचा भरवसा त्यांनी कधी घेतला नाही. शिक्षण संपत आले तेव्हा त्यांनी आईला पत्राने कळवले होते की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून मी सगळा वेळ परहितासाठी देणार आहे. १८८८ साली 'सुधारक' काढला. पुण्याच्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९५ साली, चाळिशीही गाठण्याआधी, ते गेले. धर्मराजाची ती पहिली चार वाक्ये आचरणात आणणारा माणूस शोधू गेले, तर तो देव न मानणाऱ्यांत सापडतो, ही गोष्ट दोन्ही पक्षांना थोडी अडचणीची आहे.

द्रौपदीचे दुसरे भाषण म्हणजे तिची माघार, अशी समजूत रूढ आहे. कीर्तनात तर तिने कान धरले असेच सांगतात. मूळ पाहिले तर चित्र निराळे आहे. मी धर्माला तुच्छ लेखत नाही, ईश्वराची निंदा मी कशी करीन, मी दुःखाने बडबडते आहे असे समज, असे ती म्हणते खरी. पण त्याला लगेच जोडते की मी आणखीही विलाप करणार आहे, नीट ऐक! ही काय माघार झाली? शब्द मागे घेतला. भांडण घेतले नाही. आणि मग ज्यावर ती तुटून पडते तो मार्मिक आहे: दैवावर हवाला ठेवून बसणारा माणूस. पाणिनीने नास्तिकाच्या शेजारी बसवलेला तो दैष्टिक! नास्तिक ठरवली गेलेली बाई आपल्या आस्तिक नवऱ्याला जणू सांगते आहे की माझ्या शेजारच्या आसनावर तूच बसला आहेस.

या भाषणात तिने शेतकऱ्याचा दाखला दिला आहे, आणि तो मला त्या पाचही दाखल्यांहून मोठा वाटतो. शेतकरी नांगराने जमीन फोडतो, बी पेरतो आणि मग गप्प बसतो. पुढचे काम पावसाचे. पाऊस आला नाही तर दोष शेतकऱ्याचा नाही. इतरांनी केले ते मीही केले, मग निष्फळ झाले तर अपराध माझा नव्हे, असे तो म्हणू शकतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतीवर ज्याने एक तरी मृग कोरडा गेलेला पाहिला आहे, त्याला या दाखल्याचे भाष्य नको. पाऊस पाडणारा कोणी आहे की नाही हा प्रश्न येथे तिने सोडून दिला आहे. नांगरलेस का, एवढेच ती विचारते. शेवटी ती सांगते की ही नीती बृहस्पतीची. वडिलांनी घरी ठेवून घेतलेल्या एका विद्वान ब्राह्मणाने ती भावांना शिकवली. काही कामाच्या निमित्ताने आत आलेली ती मुलगी वडिलांच्या मांडीवर बसून ऐके. योगायोग असा की चार्वाकमताचा मूळ पुरुष म्हणून परंपरा ज्याचे नाव घेते, तोही बृहस्पतीच. एवढ्यावरून द्रौपदीला चार्वाकपंथी ठरवण्याची घाई मी करणार नाही. आमच्यातल्या काही बुद्धिवादी मित्रांना तो मोह होतो. चार्वाकाला धात्याशी भांडायचे नसते. तिला फक्त त्याच्याशीच भांडायचे आहे.

रामायणातल्या जाबालीशी तुलना केली की हे अधिक उमगते. चित्रकूटावर रामाला परत नेण्यासाठी जाबाली श्राद्धाची थट्टा करतो, मेलेला काय जेवणार, असे विचारतो, परलोक नाही म्हणतो. आणि राम संतापला की आपण मुळात नास्तिक नाही, वेळ पाहून बोललो, असे सांगून मोकळा होतो. त्याचे नास्तिक्य वकिली आहे. पक्षकार बदलला की युक्तिवादही बदलेल. म्हणूनच त्याला माघार सहज घेता आली, आणि म्हणूनच ते प्रकरण वाचून संपल्यावर मनात काही रेंगाळत नाही.

आपल्या मराठी संतांनी द्रौपदीचीच वाट पुढे नेली, असे म्हटले तर कोणी दचकू नये. जनाबाईने विठ्ठलाला मोलकरणीच्या जिभेने शिव्या दिल्या आहेत. तुकोबांनी तर एका अभंगात आपल्यापुरता देव मेला असे सांगून टाकले. हे अभंग आपण भजनात टाळ्या वाजवून गातो. तेच वाक्य एखाद्या शिक्षकाने शाळेत उच्चारले तर गावात सभा भरेल. देवाच्या घरात बसून त्याच्याशी भांडणाऱ्याला आपण भक्त म्हणतो, बाहेर उभे राहून शांतपणे 'नाही' म्हणणाऱ्याला पाखंडी म्हणतो. भांडणारा आपला वाटतो हे समजण्यासारखे आहे. पण शांतपणे 'नाही' म्हणणाऱ्याचे आपण काय करतो, हेही महाभारताने लिहून ठेवले आहे. शांतिपर्वात युद्ध संपल्यावर धर्मराज हस्तिनापुरात प्रवेश करतो. ब्राह्मण आशीर्वाद देत असतात. त्यांच्यातून भिक्षूच्या वेषातला एक जण पुढे होऊन म्हणतो, तुझा धिक्कार असो, तू स्वकीयांचा घात केलास. त्याचे नाव चार्वाक. ग्रंथ त्याला राक्षस म्हणतो, दुर्योधनाचा मित्र म्हणतो. ब्राह्मण त्याला नुसत्या हुंकाराने जाळून टाकतात. त्याने केलेला आरोप मात्र जळत नाही. कारण त्याच पर्वात धर्मराज स्वतःला हेच म्हणत बसला आहे, आणि त्याची समजूत घालता घालता व्यास, कृष्ण, भीष्म सारे दमले आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. देवाला विरोध नाही, देवाच्या नावावर चालणाऱ्या लुबाडणुकीला आहे, असे सांगत ते वर्षानुवर्षे गावोगाव हिंडले होते. त्यानंतरच्या दिवसांत मी शांतिपर्वाचे ते पान पुन्हा काढले होते. पण ते पुढे वाचवेना.

द्रौपदीवर ठेवलेल्या त्या शब्दाचे पुढे काय झाले? मध्ये तेरा वर्षे गेली, युद्ध झाले, छत्तीस वर्षे राज्य झाले. महाप्रस्थानात सर्वांत आधी कोसळली ती द्रौपदी. ती का पडली म्हणून भीमाने विचारले, तेव्हा तिचे अर्जुनावर अधिक प्रेम होते, एवढे कारण सांगून धर्मराज मागे न पाहता चालत राहिला. हिशेब तेव्हाही त्याच्यापाशी तयार होता. मग तो सदेह स्वर्गात पोचतो, आणि पाहतो तर दुर्योधन लक्ष्मीने झळकत आसनावर बसलेला. धात्याने दुर्योधनाला लक्ष्मी का दिली, हा द्वैतवनातला प्रश्न आता मूर्तिमंत समोर! आपले भाऊ कोठे आहेत, असे विचारल्यावर देवदूत त्याला अंधाऱ्या, चिखलाच्या, दुर्गंधीच्या वाटेने नेतो. घाणीने बेजार होऊन तो परत फिरतो, तोच आवाज येतात. क्षणभर थांब, तुझ्या अंगावरच्या वाऱ्याने आम्हांला सुख वाटते. कोण तुम्ही? मी कर्ण. मी भीम. मी अर्जुन. नकुल, सहदेव. मी द्रौपदी.

तेथे उभा राहून तो विचार करतो की यांनी असे कोणते पाप केले. आणि दुर्योधनाने असे काय केले की तो तेथे आहे? मग, ग्रंथ स्पष्ट सांगतो, युधिष्ठिराने देवांची निंदा केली आणि धर्माचीही केली. द्वैतवनात द्रौपदीनेही धर्मावर एवढा शब्द टाकला नव्हता. देवदूताला तो सांगतो की ज्यांचा तू दूत आहेस त्यांच्याकडे परत जा आणि कळव की मी येथेच राहणार, माझ्या असण्याने या दुःखी भावांना बरे वाटते आहे. या क्षणी त्याला फळाची आशा नाही. देवावर विश्वास नाही, धर्मावर नाही; आणि आयुष्यात प्रथमच तो द्रौपदीच्या शेजारी, तिचा आवाज ऐकत, जागचा हलत नाही.

लगेच इंद्र येतो, तो अंधार नाहीसा होतो, ही केवळ माया होती असे समजावले जाते आणि सर्व काही यथास्थित लागते. महाभारताला तसे करणे भाग होते. पण मी वाचताना नेहमी इंद्र येण्याच्या आधीच पुस्तक मिटतो. आजीही पोथी ऐकत असे. हा अध्याय आला की उठून आत जाई, आणि थोड्या वेळाने माजघरातून फडके झटकल्याचा आवाज येई.